खोट नसलेली बोट

आमच्या नाशकात बोट आठवते ती गोदेला पूर आला की. अग्निशमनवाले रबरी बोट घेऊन निघतात, लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात आणि पाणी उतरलं की बोट विसरून जातात. एरवी आमचा पाण्याशी संबंध नळाला किती वाजता येतं एवढाच. अशा गावात, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी नोकरी काढलेल्या आणि पोहण्यातल्या 'प'च्याही वाटेला न गेलेल्या माणसावर, म्हणजे माझ्यावर, निवृत्तीनंतर समुद्रातली बोट पसंत करायची पाळी आली. त्या दिवसांत मला जी भीती वाटली तशी आयुष्यात त्याआधी एकदाच वाटली होती. तेही सांगतो, पण जरा थांबून.

बोट माझ्यासाठी नव्हती, बायकोसाठी होती. ती भूगोलाची शिक्षिका. वर्षानुवर्षं तिनं फळ्यावर रंगीत खडूंनी प्रवाळ बेटं काढली, पण समुद्रात कधी गुडघ्याच्या वर उतरली नव्हती. मग नेमके गुडघेच दुखायला लागले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि ती महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागली. गुडघे राहिले बाजूला, बाईंना पाण्याचं वेड लागलं. भाचीबरोबर अंदमानला जाऊन तिनं स्कूबा डायव्हिंगचा कोर्ससुद्धा केला. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी आणि सरळ खाली. ती रोज संध्याकाळी तिथून फोन करायची आणि मासे, कासवं सांगायची. मी नुसता हं, हं म्हणायचो. फोन ठेवला की दारातल्या पायरीवर बसून राहायचो.

शाळेच्या निरोप समारंभात तिनं कहर केला. शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापक बोलले, आणि ही माइकपाशी जाऊन म्हणाली, "जे प्रवाळ मी इतकी वर्षं फळ्यावर काढले, ते आता मालदीवला जाऊन, बोटीवर मुक्काम करून, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे." टाळ्याच टाळ्या. तलावावरच्या बायकाही आल्या होत्या, त्यांनी तर शिट्ट्या मारल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला ही बातमी सगळ्यांबरोबरच कळली.

या बोटींना लाइव्हअबोर्ड म्हणतात. मी मुक्कामी बोट म्हणतो. आठवडाभर तिच्यावरच खायचं, तिच्यावरच झोपायचं, दिवसातून तीन-तीन चार-चार वेळा टाकी बांधून समुद्रात उडी मारायची, वर आलं की बोट पुढच्या जागी निघणार. आसपास दवाखाना नाही, फोनला रेंज असेल-नसेल, जमीन तर नाहीच. मौजेसाठी लोक असं का करतात हे मला आजही नीटसं कळलेलं नाही.

समारंभाहून येताना आम्ही इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीसारखे अडकलो. ती स्कूटरवर मागे, मांडीवर शाल आणि नारळ.

"एकटी जाणार?" मी पुढे बघत विचारलं.

"तलावावरच्या दोघी म्हणत होत्या येतो. पण एकीची सून बाळंत व्हायचीय आणि दुसरीचं काही खरं नाही."

"मग?"

"मग काय. बोट तुम्ही बघा. आयुष्यभर मशिनं बघितलीत ना? तुम्ही पसंत कराल त्या बोटीवर जाईन. नाहीच पडली एकही पसंत, तर नाही जाणार. मी शब्द देते."

मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मला आधी हायसं वाटलं, कारण नकार देण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. ती नेहमी म्हणते, "तुम्हाला विहारात वंदनेला नेलं, तरी तुमचे कान वरच्या पंख्याच्या बेअरिंगकडे." ते खरंच आहे. पण घरी येऊन कपडे बदलेपर्यंत खरी मेख लक्षात आली. "जाऊ नकोस" म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणाची आम्हाला सवय आहे. इथं मात्र बोट माझ्या पसंतीची असणार होती. हिचं काही बरंवाईट झालं तर ते मी निवडलेल्या बोटीवर होणार होतं. त्या रात्रीपासून मला जेवण गोड लागेना.

मी कामाला लागलो. या बोटींची जाहिरात उघडली की निळं पाणी, पांढरी गादी आणि गादीवर टॉवेल दुमडून केलेला हंस. सगळ्यांकडे तोच हंस. इंजिनाचा फोटो एकाकडेही नाही. स्थळ बघताना मुलाचे सगळे फोटो गॉगल लावलेलेच आले, तर आपण काय समजतो? मी प्रत्येकाला फोन लावून इंजिन रूमचा फोटो मागायला लागलो. पलीकडची पोरं गांगरायची. "सर, पण कशाला?"

बायको आतून ओरडायची, "बोट बघताय का जावई?"

एका देखण्या लाकडी बोटीत झोपायच्या खोल्या तळाला होत्या. वर यायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी स्वयंपाकघर. मी विचारलं, स्वयंपाकघरानं पेट घेतला तर खालच्यांनी यायचं कुठून? म्हणाला, दुसरी वाट आहे. कुठं? शेजारच्या खोलीतून. आणि शेजाऱ्यानं आतून कडी लावली असली तर? तो म्हणाला, "सर, पॉझिटिव्ह विचार करा." मी फोन ठेवला. बॉयलरपाशी पॉझिटिव्ह विचार करणाऱ्यांचे हार घातलेले फोटो मी बघितले आहेत.

दुसऱ्या एका बोटीवर पाण्याखालचे दिवे, कॅमेरे, त्यांच्या बॅटऱ्या हे सगळं बैठकीतल्या सोफ्यावर चार्जिंगला लावायचे आणि झोपायला जायचे. रात्री तिथं जागं कोण असतं, असं विचारलं तर उत्तर आलं, "रात्री सगळे झोपतात सर." जणू मीच वेडा. त्यानंतर किती दिवस तरी मला जाग यायची आणि मी उठून आमच्याच घरातले चार्जर काढून ठेवायचो.

पण आगीची भीती ही माझ्या ओळखीची भीती. तिच्याशी कसं बोलायचं ते मला येतं. खरी भीती वेगळीच होती. कुठंतरी वाचनात आलं की कधीकधी मोजणी चुकते. डायव्हिंगवाले खाली असतात, काही वर येतात, कोणीतरी म्हणतं सगळे आले, आणि बोट निघते. मागे एखादं माणूस वर येतं तर चारी बाजूंना पाणी आणि बोट नाही. हे वाचलं तेव्हा मी जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर बसलो होतो. ओळखीचे लोक हात करत पुढे जात होते. मला हात वर करता येईना. डोळ्यांसमोर तिचं डोकं, नारळाएवढं, लाटेवर खाली-वर होणारं, आणि ती हाका मारतेय.

निदान पाणी म्हणजे काय ते बघावं म्हणून मी एकदा कोणाला न सांगता गंगापूर धरणावर गेलो. तिथं लोक लेकराबाळांना घेऊन बोटीत बसतात. मी रांगेत उभा राहिलो, जाकीट घातलं, सगळं रीतसर. फळीवरून बोटीत पाय ठेवायचा, एवढंच काम होतं. ठेवला. बोट जराशी हलली आणि खालून पाण्याचा तो गुरगुरता आवाज आला. मी पाय मागे घेतला. मागच्या बाईंनी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी जाकीट परत दिलं आणि मक्याचं कणीस खाऊन घरी आलो.

नवल म्हणजे बायको चिडत नव्हती. मी एकेक बोट नापसंत केली की ती "बरं" म्हणायची आणि चहा टाकायची. चहाही नेहमीपेक्षा चांगला व्हायचा. मला तिची दया यायची. वाटायचं, किती समजूतदार आहे, एवढी हौस आणि एका शब्दानं तक्रार नाही.

मग एक स्थळ चालून आलं. ओळखीतल्यांच्या ओळखीचा, मराठी माणूस, परदेशात बोटीचा धंदा. फोनवर "नमस्कार काका"नं सुरुवात. गेल्या महिन्यात नाशिकचाच ग्रुप नेला होता म्हणे. सकाळी पोहे, सोमवारी उपासाचं मागितलं तर तेही. काकूंना आईसारखं सांभाळू. बोट नवी, जिने दोन, बॅटऱ्या बाहेर डेकवर, रात्री पहारा. मी एकेक प्रश्न टाकत गेलो आणि तो उत्तरं देत गेला. मला बरं वाटायला लागलं होतं. परक्या समुद्रात आपल्या भाषेतला माणूस असावा, याच्यासारखं दुसरं काय? मी बायकोला खुणेनं सांगितलंसुद्धा की ही जमतेय. ती दाराला टेकून ऐकत उभी राहिली.

शेवटचा प्रश्न राहिला होता. मी विचारलं, "पाण्यातून वर आल्यावर माणसं मोजता कशी?"

तो हसला. "काका, मोजायचं काय त्यात? आठ दिवस एकत्र असतो आपण. सगळी आपलीच माणसं. नुसता चेहरा बघितला तरी कळतं कोण आलं, कोण राहिलं."

 काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

बायकोनं विचारलं, "हिला काय झालं? ही तर पसंत पडणार असं मी धरून चालले होते." तिचा आवाज कोरडा होता. मला वाटलं, आता हिचा धीर सुटला. तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली, जी लग्नाआधीची होती आणि लग्नानंतर कधी सांगितली नव्हती.

वीज केंद्रात लागण्याआधी मी एका साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. हंगाम संपला की बॉयलर थंड करून आतून साफ करायचा. वरचा ड्रम म्हणजे आडवी लोखंडी टाकी. तिच्या एका टोकाला माणूस जेमतेम घुसेल एवढं भोक. आत अंधार, गंज आणि मांडी घालायचीही पंचाईत. नियम साधा होता. आत जाताना आपला पितळी बिल्ला भोकाशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर आपणच काढायचा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर झाकण लावायचं नाही.

मी आत पार दुसऱ्या टोकाला होतो, पत्र्याच्या आडोशामागे, खरवडत. बाहेर चहा आला. माझा एक जिवलग मित्र होता, सटाण्याकडचा, आमचं ताट-वाटी एक. त्यानं माझ्यासारख्याच शर्टाचा कोणीतरी शिडीवरून उतरताना पाहिला. त्याला वाटलं मी चहाला गेलो आणि बिल्ला काढायला विसरलो. सुपरवायझर बघेल, बोलेल, म्हणून त्यानं माझा बिल्ला काढून खिशात टाकला. चहा घेताना मला देणार होता. प्रेमापोटी केलं त्यानं.

मला कळलं ते उजेड गेल्यावर. आधी वाटलं कोणी भोकासमोर उभं आहे. मग नट आवळल्याचा आवाज आला. मी ओरडलो, पण लोखंडात आपला आवाज आपल्यालाच परत येतो. खरवडणी घेऊन मी ठोकायला लागलो. बाहेर दुरुस्तीची ठोकाठोक चालूच होती, तिच्यात माझी कोण ओळखणार? आणि मग खालच्या नळ्यांमधून पाणी चढायला लागलं. चाचणीसाठी सोडलेलं. आधी नुसती गुरगुर, मग गार पाणी माझ्या तळहातांना लागलं, कारण मी ओणवा होतो. तेव्हा मी ठोकायचं थांबलो. का थांबलो ते मला माहीत नाही. मी आईला हाक मारल्याचं आठवतं.

झाकण उघडलं गेलं ते मित्रामुळेच. चहाच्या घोळक्यात मी त्याला सापडलो नाही आणि हात खिशात गेला. तो शिडी चढून आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं म्हणे, नुसता भोकाकडे बोट दाखवत होता. मला बाहेर ओढल्यावर तो माझ्या अंगावर पडून रडला. "माले वाटनं तू चहा पेवाले गया," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला कधीच दोष दिला नाही. परका असता तर त्यानं बिल्ल्याला हात लावला नसता. लांबूनही ओळखणारा होता, म्हणूनच झाकण बसलं.

बायको जवळ येऊन बसली. "इतकी वर्षं बोलला नाहीत."

"काय बोलायचं? बाहेर आलो ना."

"कुठं आलात," ती म्हणाली. मग जरा घाईनंच, "बंद करा बोटी बघणं. नाही जायचं मला. सांगते मी सगळ्यांना, तुमची तब्येत बरी नाही म्हणून."

इथं माझं डोकं फिरलं. माझ्या एका जुन्या भीतीपायी हिनं घरी बसायचं, आणि वर गावभर माझ्या तब्येतीचं निमित्त? ती माझ्यावर दया करतेय असं मला वाटलं आणि दया मला कधी पचली नाही. मी म्हणालो, "शब्द दिलायस ना? माझी पसंती व्हायचीय अजून." आणि मी दुप्पट जोरानं शोधायला लागलो.

ती बोट मला सापडली तेव्हा तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जुनी, रंग साधा, टॉवेलचा हंससुद्धा धड जमलेला नव्हता. बोटीवरचा मुख्य माणूस मूळचा लक्षद्वीपचा होता आणि हिंदीत बोलायचा. त्याच्या हिंदीला मी माझी नाशिकची हिंदी जोडली. इंजिन रूमचा फोटो मागितला तर तो हातात फोन घेऊन थेट खाली उतरला आणि व्हिडिओवर सगळं दाखवलं, कोपऱ्यातलं तेलकट फडकंसुद्धा. प्रत्येक खोलीत पलंगावर वर उघडणारी झडप होती, ती त्यानं स्वतः पलंगावर चढून उघडून दाखवली. प्राणवायूची नळकांडी, रात्री जागणारा माणूस, सगळं. मग मी माणसांच्या मोजणीचं विचारलं. तो म्हणाला, "सांगत नाही. बघाच. आत्ता लोक वर येताहेत. बोट बेटाजवळ आहे, रेंज राहील."

त्यानं फोन कुठंतरी टेकवून ठेवला. मी इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत, समोर कपडे वाळत घातलेले, आणि फोनच्या पडद्यावर ओली माणसं एकामागून एक शिडी चढून वर येताहेत. सगळे आले. हसताहेत, टाक्या उतरवताहेत. त्यानं हातात पाटी घेतली आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. ज्याचं नाव, त्यानंच ओ द्यायची. मधेच एका नावाला ओ आली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. शेजारचा म्हणाला, इथंच आहे ती, माझ्या बाजूला, केस पुसतेय. तो म्हणाला, तिला बोलू दे. कोणीतरी हसलं. तो हसला नाही. सगळी बोट खोळंबली. शेवटी त्या बाईनं टॉवेलमधून डोकं बाहेर काढून हजेरी दिली, तेव्हा तो पुढच्या नावाकडे गेला. यादी संपल्यावरच इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

मी फोन बंद केला आणि गॅलरीतच बसलो.  एकही खोट नव्हती. खरं सांगतो, मी शोधली. तेलकट फडक्यावरून नाकारता येईल का, इथपर्यंत माझी मजल गेली. आजवरचा प्रत्येक नकार खरा होता, म्हणून मला वाटत होतं मी तिच्या जिवाची काळजी करतोय. आता नकार द्यायचा तर खोटं बोलावं लागणार होतं, आणि होकार द्यायचा तर ती जाणार होती. आत्तापर्यंतची सगळी भीती दाराबाहेर उभी होती, ती आता आत येऊन बसली.

बायको ओट्यापाशी मिठाच्या पाण्यात द्राक्षं धूत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "सापडली बोट."

"कसली खोट निघाली?" तिनं न वळता विचारलं.

"नाही निघाली. पसंत आहे."

तिचे हात पाण्यात तसेच राहिले. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मला वाटलं चक्कर येतेय, मी खुर्ची पुढे केली. ती बसली आणि एकदम माझ्यावर कडाडली.

"अख्ख्या दुनियेत खोट सापडते तुम्हाला! विहाराच्या पंख्यात सापडते! आणि हिच्यातच नेमकी सापडली नाही?"

मला काही समजेना.

"अहो, मला भीती वाटते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही जन्मात बोट पसंत करणार नाही. म्हणून तर तुमच्यावर सोपवलं." आणि ती रडायला लागली, ओल्या हातांनीच तोंड झाकून.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंदमानात शेवटच्या दिवशी खाली असताना तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. डोळे झोंबले, नाकात पाणी गेलं, वर कुठं आणि खाली कुठं ते कळेना. तिला शिकवणाऱ्या मुलीनं दोन्ही दंड धरून ठेवले म्हणून निभावलं. संध्याकाळी मला फोनवर तिनं कासव सांगितलं होतं. कासव आदल्या दिवसाचं होतं. परत आल्यावर तिनं ते कोणालाच सांगितलं नाही. निरोप समारंभात सगळे कौतुकानं बघत होते, बोलायच्या भरात ती बोलून गेली, टाळ्या झाल्या आणि शब्द तोंडातून सुटला तो सुटला. माघार घ्यायची तर तोंड दाखवायला जागा नाही. नवऱ्याला बोट पसंत पडली नाही म्हटलं, की सगळ्यांना पटलं असतं. मला ओळखणाऱ्या कोणाला पटलं नसतं?

"मी चहा करायचे तुम्ही नाही म्हणालात की," ती म्हणाली. "किती बरं वाटायचं."

 मला तिचा राग आला, हसू आलं आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. इतके दिवस मी आगीची भीती धरली, झडपांची धरली, मोजणीची धरली. ती स्वतः खाली गेल्यावर घाबरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला निडर धरून चाललो होतो.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "नाही पसंत पडली म्हणून. माझ्यावर येऊ दे."

तिनं डोळे पुसले. उठून द्राक्षं चाळणीत उपसली. मग म्हणाली, "मला ते प्रवाळ बघायचेत हो. तेही खोटं नाही. दोन्ही खरंय." आणि मग, "त्या माणसाला एक विचाराल? खाली गेल्यावर कोणी घाबरलं, तर ते काय करतात?"

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मला हे विचारायला जेवढा वेळ लागला तेवढा दुसरं काहीच विचारायला लागला नव्हता. मी म्हणालो, "माझी बायको घाबरते. तिला मध्येच वर यावंसं वाटलं तर?"

तो म्हणाला, "अंगठा वर करायचा. जमिनीवर लोक 'छान' म्हणून दाखवतात ना, तो. पाण्यात त्याचा अर्थ एकच, मला वर जायचंय. एकानं अंगठा दाखवला की त्याच्या जोडीदारानं वर निघायचं. हळूहळू यावं लागतं, पण निघायचं म्हणजे निघायचं. का म्हणून कोणी विचारत नाही."

बायको फोनकडे झुकली. "वर आल्यावरसुद्धा नाही?"

"वर आल्यावरसुद्धा नाही. आणि उडीच मारायची नसली, तर बोटीवर बसा. चहा मिळतो."

मी आभार मानून फोन ठेवला. बायकोनं हाताचा अंगठा वर करून बघितला आणि हात खाली घेतला.

"जाईन मी," ती म्हणाली. "पण तुम्ही वर बसायचं."

"वर म्हणजे?"

"बोटीवर. मी घाबरून वर आले तर मला तुम्ही दिसायला हवे. दुसरं कोणी नको."

मी म्हणालो मला पोहता येत नाही. ती म्हणाली ते तिला लग्नापासून माहीत आहे. मी म्हणालो मला फळीवरून बोटीत पाय ठेवता येत नाही. ते तिला माहीत नव्हतं. तिनं फोन माझ्यापुढे सरकवला.

मी पुन्हा नंबर लावला. पलीकडे रिंग जायला लागली तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की फोन कानाला लागेना. तिनं माझं मनगट धरलं, फोन स्थिर राहावा म्हणून. पण तिचाही हात थरथरत होता, आणि फोन काही स्थिर राहिला नाही. तशातच पलीकडून त्यानं उचलला आणि मी म्हणालो, दोघं येतोय.